ओहायोच्या मास्तरांना काय लिहू?

वाचकाचं पत्र

ताई, मी वाईला एका पतसंस्थेत नोकरी करतो. आकाश बघायचं वेड आहे. पैसे साठवून सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली आणि दुर्बीणवाल्यांच्या एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन गटात सामील झालो. तिथे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावचे विज्ञानाचे शिक्षक भेटले. दुर्बिणीचे आरसे एका रेषेत कसे आणायचे, ते त्यांनी माझ्याच फोटोंवर बाण काढून मला शिकवलं. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांच्या गावावरून गेलं, तेव्हाचे फोटो त्यांनी गटात टाकायच्या आधी मला पाठवले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात धूमकेतू दिसणार होता. सरांनी गटात तारीख लिहिली १०/१२. त्यांच्या पद्धतीने १२ ऑक्टोबर. त्यावरून युरोपातले दोघं-तिघं सुटले. आम्ही डिसेंबरपर्यंत थांबायचं का, जग तुमच्या कुंपणाशी संपतं का, वगैरे. मग फॅरेनहाइट, लठ्ठपणा, भूगोल सगळं निघालं. सरांनी हसून लिहिलं, "काही म्हणा, चंद्रावर पहिलं पाऊल आमच्या ओहायोच्या पोरानेच ठेवलं." त्यावर मी लिहिलं, "माणूस चंद्रावर नेऊन परत आणता, पण पोराला शाळेतून जिवंत घरी आणता येत नाही." धडाधड पसंत्या पडल्या. सरांनी एवढंच लिहिलं, "मी शाळेत शिकवतो." त्यानंतर ते गटात दिसलेच नाहीत.

भाऊ म्हणतो, ते आपल्याला स्कॅमर म्हणतात, आपल्या रस्त्यावरच्या खाण्याचे घाणेरडे व्हिडिओ टाकून हसतात, मग आपण का सोडायचं? काका म्हणतात, १९७१ ला सातवं आरमार आपल्यावर पाठवणाऱ्यांचे कसले लाड? गटातले म्हणतात, अमेरिकन लोकांची मैत्री वरवरचीच असते, मनाला लावून घेऊ नकोस. बरेच महिने झाले, माझ्या मनातून जात नाही. पण मी खोटं काय बोललो? माफी मागितली तर मत मागे घेतल्यासारखं होईल का?

उत्तर

माफी माग. मत मागे घ्यायची गरज नाही, कारण सर तुझ्या मताने दुखावलेलेच नाहीत.

तू लिहिलेल्या वाक्यातली वस्तुस्थिती खरी आहे आणि भयंकर आहे. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ती मुलं सहा-सात वर्षांची होती. २४ मे २०२२ ला टेक्ससमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका. एकट्या २०२१ सालात अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःवरच गोळी झाडून. याबद्दल परदेशी माणसाने बोलू नये, असं मी अजिबात म्हणणार नाही. आणि यावर सगळ्यात कडक बोलणारे तर अमेरिकनच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा वाचलेली मुलंच पुढे सरसावली आणि २४ मार्चला वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा उभा राहिला. तुझ्या वाक्यापेक्षा कितीतरी जहाल भाषा त्या मुलांनी त्या दिवशी आपल्याच खासदारांना ऐकवली. युव्हाल्डीनंतर महिन्याभरात बंदुकांसंबंधी एक केंद्रीय कायदा झाला. फार मोठा नव्हे, पण जवळजवळ तीस वर्षांत तेवढाही झाला नव्हता.

त्या मुलांना कायदा बदलायचा होता. तुला तारखेच्या भांडणात बाजी मारायची होती. हे मी कठोरपणे बोलते आहे, पण तुझंच पत्र पुन्हा वाच. धूमकेतूची गोष्ट चालली होती. बंदुकीचा विषय कुणी काढलाही नव्हता. सर चेष्टेला चेष्टेने उत्तर देत होते, आणि तू तिथे मेलेली मुलं आणलीस, कारण त्याच्यावर त्यांच्याकडे उत्तर नसणार हे तुला ठाऊक होतं. पसंत्या त्याच्याच होत्या. त्या पसंती देणाऱ्यांपैकी कुणालाही युव्हाल्डीची आठवण आली असेल, असं मला वाटत नाही.

आणि समोर कोण होतं? अमेरिकेतल्या सरकारी शाळांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शाळांत मुलांकडून एक तालीम करून घेतात, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं याची. सूचना झाली की शिक्षकाने वर्गाचं दार आतून लावायचं, दिवे घालवायचे आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीशी सगळ्या मुलांना जमिनीवर बसवायचं. कुणी हूं की चूं करायचं नाही. बाहेरून कुणी दार वाजवलं तरी उघडायचं नाही. अंधारात शिक्षक डोकी मोजतो. बालवाडीतली पोरंही हे शिकतात, आणि खरी वेळ आली तर दार आणि मुलं यांच्या मध्ये उभं कोणी राहायचं, हे बऱ्याच शिक्षकांनी मनाशी ठरवलेलं असतं. तुझे सरही अशाच तालमींतून गेलेले असणार. ग्रहण दाखवायला ज्या मुलांना त्यांनी अंगणात उभं केलं असेल, त्यांनाच घेऊन. "मी शाळेत शिकवतो" याच्यापुढे आणखी काय लिहायचं होतं त्यांनी?

म्हणून माफी त्या माणसाची मागायची आहे. त्यांच्या देशाच्या बंदुकीच्या कायद्याबद्दल तुला जे वाटतं, ते माफीनंतरही तुझंच राहील.

आता दुसरी गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस, पण जिच्यामुळे हे झालं. ते वाक्य तुला इतक्या सहज सुचलं कसं? मला वाटतं, अमेरिका आपल्याला इतकी दिसते की ती आपल्याला कळली आहे असंच आपण धरून चालतो. त्यांचे चित्रपट, त्यांच्या निवडणुका, त्यांचे खटले, त्यांची भांडणं सगळं आपल्या फोनवर, तेही वाचता येईल अशा भाषेत. पोर्तुगालच्या किंवा व्हिएतनामच्या शिक्षकाला टोमणा मारायचा झाला असता तर तुला काही सुचलंच नसतं. त्या देशाबद्दल तुझ्याकडे काही तयार नाही, म्हणून तू कदाचित आधी दोन प्रश्न विचारले असतेस.

आणखी एक. अमेरिकेवर टाकायचे टोमणे बहुतेक अमेरिकनांनीच पुरवलेले असतात. त्यांना भूगोल येत नाही, हे कुणी दाखवून दिलं? नॅशनल जिऑग्राफिक या त्यांच्याच संस्थेने. २००६ च्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या अमेरिकन तरुणांपैकी ६३ टक्क्यांना नकाशावर इराक दाखवता आला नव्हता, आणि तेव्हा त्यांच्या सैन्याला इराकमध्ये घुसून तीन वर्षं झाली होती. लाजिरवाणंच आहे. पण ते मोजलं त्यांनी आणि छापलंही त्यांनीच. लठ्ठ माणसांचं प्रमाण प्रौढांमध्ये चाळीस टक्क्यांच्या घरात आहे, हा आकडा त्यांच्या सरकारी आरोग्य खात्याचा. दोन कोटींवर माणसं आरोग्य विम्याशिवाय जगतात, हे त्यांचं जनगणना खातं दरवर्षी जाहीर करतं. आपल्या घरातलं वाईट मोजून जगापुढे ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. जे देश असे आकडे दडवतात, त्यांच्या नागरिकांना असल्या गटांमध्ये कुणी काही बोलत नाही, हा अन्याय तुझ्या लक्षात आला आहे का?

बाकीचे टोमणे अर्धवट माहितीवर चालतात. अमेरिकन माणूस देशाबाहेर पडत नाही, हे एक नेहमीचं. १९९० च्या सुमारास खरोखरच फार थोड्या अमेरिकनांकडे पासपोर्ट होता, पण तेव्हा शेजारच्या कॅनडात आणि मेक्सिकोत जायला तो लागतही नव्हता. आज जवळजवळ निम्म्या लोकांकडे आहे. आपल्याकडे हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत आहे. तुझ्याकडे आहे का पासपोर्ट? नसला तर त्याचं कारण तुझा जगाविषयीचा कंटाळा नाही, हे तुला माहीत आहे. मग ओहायोतल्या कुणाकडे नसला तर त्याचंही काही कारण असू शकेल, रजा, पैसा, आजारी आई. चौतीस कोटींच्या घरात माणसं आहेत रे ती. ओहायोसारख्या राज्यात, जिथे २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प सहज जिंकले, तिथेही सुमारे ४४ टक्के मतं विरोधात पडली. ती पंचवीस लाख माणसं होती.

तुझ्या दुर्बिणीचंच घे. तिला डॉब्सोनियन म्हणतात ते जॉन डॉब्सन यांच्या नावावरून. १९४४ मध्ये हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला आणि वीसहून जास्त वर्षं संन्यासी म्हणून राहिला. आपल्या रामकृष्ण संप्रदायाचा मठ. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या भंगारातल्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या आणि साध्या लाकडी खोक्यावर फिरणारी दुर्बीण उभी केली. रात्री मठातून बाहेर पडून ते शेजारपाजारच्यांना आकाश दाखवत. या वेडापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते शहराच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, या, चंद्र बघा, शनी बघा. फुकट. १९६८ मध्ये त्यातूनच फुटपाथवरच्या आकाशप्रेमींची संघटना निघाली. त्यांनी या बांधणीचं पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवावी, स्वस्तात बनवावी, हीच इच्छा. म्हणून तर वाईच्या पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या मुलाला आज सहा इंची दुर्बीण परवडते. पैशामागे धावणारा, उथळ, बडबड्या अमेरिकन, ही जी आकृती गटात फिरते आहे, तिच्यात डॉब्सन कुठे बसवशील? २०१४ मध्ये ते गेले, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन. तुझे सर मला त्यांच्याच जातकुळीचे वाटतात.

तारखेबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती सोडू नकोस. जगभरच्या माणसांत बोलताना आपलीच तारीख, आपलंच तापमान, आपल्याच राज्याची दोन अक्षरी खूण (ओहायोसाठी OH) वापरायची आणि बाकीच्यांनी समजून घ्यावं असं धरायचं, ही सवय बऱ्याच अमेरिकनांना असते आणि तिचा त्रास होतो. पण तुमच्या छंदात याचं उत्तर आधीपासून तयार आहे. खगोलशास्त्रात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहितात आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतात. गटाच्या चालकांना सांग, निरीक्षणाच्या नोंदी सगळ्यांनी अशाच करायच्या. हे एका ओळीत होण्यासारखं काम होतं. त्या दिवशी त्या युरोपियन मंडळींनी ते केलं नाही, कारण त्यांना तारीख नीट करून नको होती, अमेरिकन हवा होता.

भावाचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. भारतीयांबद्दल सध्या ऑनलाइन जे लिहिलं जातं ते वाचून माझंही रक्त उकळतं. रस्त्यावरच्या हजार गाड्यांतली सगळ्यात गलिच्छ गाडी शोधायची, तिचा व्हिडिओ करायचा आणि एक अख्खा देश त्यात बसवायचा. पण अमेरिकेच्या भूगोलाचे जे व्हिडिओ तुम्ही भाऊ-भाऊ बघून हसता ना, तेही याच रीतीने बनतात. रस्त्यात पुष्कळांना अडवून विचारतात, ज्यांना उत्तर आलं ते कापून टाकतात आणि जे चाचपडले त्यांना एकामागून एक जोडतात. दोन्हीकडे कमाई व्हिडिओवाल्याची.

आणि 'स्कॅमर' या शिवीची एक मुळी आपल्या महाराष्ट्रातच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून पोरं अमेरिकेत फोन लावायची, आपण तिकडच्या आयकर खात्यातून बोलतोय असं सांगायची. तुमचा कर थकलाय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात येतील. घाबरलेल्या माणसाला दुकानात पाठवून गिफ्ट कार्डं आणायला लावायची आणि त्यावरचे आकडे फोनवर वाचून घ्यायची. सातशेवर कर्मचाऱ्यांना पोलिसांनी त्या रात्री ताब्यात घेतलं. फसलेल्यांत म्हातारी माणसं होती, नुकतीच परदेशातून येऊन स्थायिक झालेली माणसं होती. ज्या बाईची साठवलेली पुंजी अशी गेली, तिच्या नातवाने भारतीय आवाज ऐकून फोन आपटला तर त्याचा राग मला समजतो. पण त्याने तुला, पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्याच्या पैशाची पै-पै जुळवणाऱ्या मुलाला, चोर म्हटलं तर? तू म्हणशील, माझा आणि मीरा रोडचा काय संबंध? तुझं म्हणणं बरोबरच असेल. भावाला हेच विचार, की सरांचा आणि बंदूक कंपन्यांचा काय संबंध.

शिवाय तुला स्कॅमर म्हणणारे ते सर नव्हते. ज्याने मारलं तो सापडत नाही म्हणून जो हाताशी आहे त्याला मारायचं, याला बदला म्हणत नाहीत.

काकांना माझा नमस्कार सांग. त्यांचा राग खरा आहे आणि त्याला कारण आहे. पूर्व पाकिस्तानात कत्तली चालू असताना निक्सन सरकार त्या कत्तली करणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहिलं आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्याने सातव्या आरमारातली 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका आणि तिचा ताफा बंगालच्या उपसागरात धाडला. त्या पिढीने हे विसरावं असं कुणी म्हणू नये. पण त्याच वर्षातलं आणखी थोडं काकांना सांगायला हवं. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी वॉशिंग्टनला एक तार पाठवली. कचेरीतल्या वीस अमेरिकनांनी सही करून आपल्याच सरकारच्या धोरणाचा त्यात निषेध केला होता, आणि ब्लड यांनी आपली सहमती त्यावर नोंदवली. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांना ढाक्यातून हलवलं आणि पुढची बढतीची वाट अडली.

जुलैमध्ये तर याहून मोठी गोष्ट घडली, जी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. 'पद्मा' नावाचं पाकिस्तानी जहाज बाल्टिमोर बंदरात माल भरायला येतंय असं कळलं, तेव्हा क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाची काही माणसं आणि त्यांचे सोबती छोट्या वल्हवायच्या होड्या आणि कयाक घेऊन पाण्यात उतरले आणि त्या अजस्र जहाजाच्या वाटेत जाऊन थांबले. पोलिसांनी त्यांना पाण्यातून उचलून कोठडीत टाकलं. मग फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. मजुरी बुडवून. बंगालमधल्या ज्या माणसांसाठी हे चाललं होतं, त्यांतलं कुणी त्या कामगारांच्या ओळखीचं असेल, असं वाटत नाही. निक्सन अमेरिकन होते आणि ही माणसंही अमेरिकन होती. काका सातव्या आरमाराला शिव्या देतील तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. फक्त त्या होडीत बसलेल्यांना त्यांनी त्यात धरू नये.

राहिलं ते वरवरच्या मैत्रीचं. तुला हे कुणी सांगितलं? जे त्या माणसाला भेटले नाहीत त्यांनीच. १८८० च्या आसपासची गोष्ट. गोपाळराव जोशींनी, बायकोच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं एका मिशनऱ्याला लिहून विचारलं. ते पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं, सोबत संपादकांचं उत्तर. उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारा. म्हणजे भर मासिकात एका परक्या माणसाचा पाणउतारा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या, तिथे ते पान त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ओळख ना देख. पुढे वर्षानुवर्षं पत्रं जात-येत राहिली, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ मध्ये आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला याच मावशी आल्या आणि आपल्या घरी घेऊन गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत मावशींकडे पाठवली गेली. न्यू यॉर्क राज्यातल्या पौकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती आजही आहे.

पाणउतारा करणारा संपादक आणि पत्र लिहिणारी मावशी, दोघंही अमेरिकन. तुझ्या फोटोंवर बाण काढत बसणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळणार नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका मुलाची दुर्बीण नीट व्हावी, एवढाच त्यांचा स्वार्थ. याला वरवरचं म्हणणाऱ्यांचं तू ऐकू नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आधी गटातलं ते वाक्य काढून टाक आणि त्याच जागी दोन ओळींत लिही, की ते बोलणं अयोग्य होतं म्हणून काढलं आहे. हे सगळ्यांसमोरच व्हायला हवं, कारण बोललासही सगळ्यांसमोर. गटात आणखीही अमेरिकन असतील, त्यांच्याही घरात शाळेत जाणारी मुलं असतील. काही जण तुला भित्रा म्हणतील. म्हणू देत, उत्तर देऊ नकोस.

मग सरांना वेगळं लिही. तुझ्या साध्या इंग्रजीत, कुणाकडून सजवून न घेता. साधारण असं: "सर, धूमकेतूच्या चर्चेत मी शाळांमधल्या गोळीबारावरून तुम्हाला बोललो. तारखेच्या वादात जिंकायला मी मेलेल्या मुलांचा वापर केला, आणि तोही एका शिक्षकासमोर. ते चुकलं. गटातून ते वाक्य मी काढलं आहे आणि तिथेही तसं लिहिलं आहे. इतके महिने गप्प राहिलो, त्याबद्दलही माफ करा. तुम्ही शिकवल्यापासून माझे आरसे कधी बिघडले नाहीत." एवढं पुरे. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द नकोत. त्यांना वाईट वाटलं आहे, त्यात 'तर' नाही. भाऊ, काका, भारतीयांना मिळणाऱ्या शिव्या, यातलं काहीही त्या पत्रात नको. तुला स्वतःला किती त्रास झाला, तेही नको. नाहीतर तुझी समजूत घालायचं काम त्यांच्यावरच पडेल.

उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तर पुन्हा लिहू नकोस. त्यांना तो विषय बंद ठेवायचा असेल तर तो त्यांचा हक्क आहे.

आणि आलं, पुन्हा बोलणं सुरू झालं, तर एका गोष्टीची तयारी ठेव. मी या उत्तरात त्यांचं चित्र फार गोड रंगवलं असेल. तिकडे साधारण तीनातला एक प्रौढ माणूस सांगतो की त्याच्याकडे स्वतःची बंदूक आहे, आणि ओहायोच्या लहान गावात हरणाच्या शिकारीला जाणारा शिक्षक असणं काही नवलाचं नाही. सर तसे निघू शकतील. बंदुकीचा कायदा कडक करू नये, असंही त्यांचं मत असू शकेल. तसं असेल तर दचकून मागे सरू नकोस. त्यांना सगळं विचार, कशासाठी ठेवता, वर्गातली तालीम करताना काय वाटतं, तुमच्या गावातले पालक काय म्हणतात. तुझं मत पूर्ण जोराने मांड, भांडायचं तर भांडसुद्धा. तुला या विषयावर बोलायचं असेल तर बोलायला योग्य माणूस तोच आहे, आणि तो तुला आधीच ओळखतो.